कार्बुरेटर आणि भोरचे घाट

भोर आणि वेल्हें हीं नांवें कानांवर पडलीं कीं मराठी वाचकाचें मन सतराव्या शतकांत जातें, आणि तें स्वाभाविकहि आहे. ज्या मुलखांत राजगड, तोरणा, रोहिडा आणि रायरेश्वर एकमेकांच्या दृष्टीच्या टप्प्यांत उभे आहेत, त्या मुलखाचा इतिहास लिहावयास बसलेला मनुष्य किल्ल्यांखेरीज दुसऱ्या कशाकडे पाहील अशी अपेक्षा करणें व्यर्थ होय. परंतु हे किल्ले जेथें आहेत तेथेंच कां आहेत, असा प्रश्न केला तर उत्तर एकच मिळतें: घाटांमुळें. देश आणि कोंकण यांच्यामधील वाटा ज्याच्या हातीं, त्याच्या हातीं मुलूख. वरंधघाट, मढेघाट आणि त्यांच्या आजूबाजूच्या लहानमोठ्या नाळा यांतून कोण वर येतो व कोण खालीं जातो हें पाहण्यासाठींच हे डोंगर तटाबुरुजांनीं बांधून काढले गेले. विसाव्या शतकांत त्याच घाटांनीं एका निराळ्याच प्रवाशाची परीक्षा घेतली. तो प्रवासी म्हणजे पेट्रोलचें एंजिन; आणि त्या परीक्षेंत तें उत्तीर्ण होणार कीं नाहीं हें पुष्कळ अंशीं ज्या एका मुठीएवढ्या धातूच्या भांड्यावर अवलंबून असे, त्याचें नांव कार्बुरेटर.

या शब्दास मराठी प्रतिशब्द घडविणें कठीण नाहीं. ‘बाष्पमिश्रक’ म्हणावें, ‘तुषारयंत्र’ म्हणावें. परिभाषा-समितीस तेवढें काम एका दुपारीं होईल. परंतु ज्यानें तें भांडें हजार वेळां खोललें, पुसलें आणि पुन्हां बसविलें, त्या मिस्त्रीनें त्यास कार्बोरेटर म्हणावयाचें ठरविलें आहे, आणि या वादांत आम्ही मिस्त्रीच्या बाजूनें आहों. वस्तूवर ज्याचा हात, तिच्या नांवावर त्याचा अधिकार.

कार्बुरेटरचें काम सांगावयास सोपें आहे. पेट्रोल द्रवरूप असतां एंजिनांत नीट जळत नाहीं. त्याचे सूक्ष्म तुषार होऊन ते ठराविक प्रमाणांत हवेंत मिसळले पाहिजेत. एंजिनचा दट्ट्या खालीं जातांना हवा आंत ओढतो. ती हवा ज्या नळींतून जाते ती मध्येंच गळ्यासारखी आवळलेली असते. अरुंद जागीं हवेचा वेग वाढतो, आणि वेग वाढला कीं तिचा दाब उतरतो. वाहत्या द्रवाविषयींचा हा नियम डॅनियल बर्नूलीनें १७३८ सालीं आपल्या ग्रंथांत मांडला, आणि आवळलेल्या नळीवरचे प्रयोग व्हेंतुरी नांवाच्या इटालियन पंडितानें १७९७ सालीं प्रसिद्ध केले. त्या कमी दाबाच्या जागीं एक बारीक छिद्राची नळी आणून सोडली कीं शेजारच्या वाटींतील पेट्रोल आपोआप वर चढतें आणि तुषार होऊन हवेबरोबर आंत जातें. ज्या छिद्रानें पेट्रोल मोजून सुटतें त्यास जेट म्हणतात. आमच्या महाविद्यालयांतून बर्नूलीचा नियम पिढ्यान् पिढ्या फळ्यावरच्या एका वांकड्या नळीच्या साहाय्यानें शिकविला गेला. तीच नळी दाराबाहेर उभ्या असलेल्या प्रत्येक मोटारींत, प्रत्येक फटफटींत बसलेली आहे, हें सांगण्याची तसदी फारच थोड्या अध्यापकांनीं घेतली.

आतां प्रमाणाची गोष्ट. एक भाग पेट्रोल पुरतें जळण्यास वजनानें सुमारें १४.७ भाग हवा लागते. परंतु एंजिनाकडून पुरी शक्ति हवी असेल तर साडेबारा-तेरा भाग हवेवरच भागवावें लागतें, म्हणजे मिश्रण थोडें दाट ठेवावें लागतें. काटकसर हवी असेल तर तें पंधरा-सोळा भागांपर्यंत पातळ करतां येतें. दाट मिश्रणास मिस्त्री ‘रिच’ म्हणतो आणि पातळास ‘लीन’. फार दाट झालें कीं धूर काळा येतो, प्लग काजळतो, गाडी मिसिंग करूं लागते. फार पातळ झालें कीं प्रथम गाडी उचलत नाहीं, आणि त्याच स्थितींत जोर देऊन पळविली तर पिस्टनचा माथा वितळण्यापर्यंत मजल जाते. साध्या गाडीस या दोन टोकांमध्यें हिंडावयास पुष्कळ जागा असते. वेगासाठीं बांधलेल्या एंजिनाची गोष्ट निराळी. त्यास शक्तीचा शेवटचा थेंब हवा असतो, म्हणून त्याचें मिश्रण काठावरच बसवावें लागतें. आणि काठावर उभ्या असलेल्यास थोडा धक्काहि पुरतो. शिवाय वेगवान् एंजिनास पुष्कळ हवा ओढतां यावी म्हणून कार्बुरेटरचा गळा रुंद ठेवावा लागतो. रुंद गळ्यांतून हवा हळू चालली असतां दाब पुरेसा उतरत नाहीं, पेट्रोल आळसानें चढतें, आणि वळणावरून मंदगतीनें बाहेर पडणारी गाडी नेमक्या चढावर धापा टाकते. मैदानांतील शर्यतींत पहिली येणारी गाडी घाटाच्या वळणांवर अडखळते याचें कारण बहुधा हेंच असतें.

या यंत्राचा जन्म जर्मनींत व हंगेरींत झाला. कार्ल बेंझ याच्या १८८६ च्या पहिल्या मोटारींत तुषार उडविण्याची सोय नव्हती. इंधनाच्या पृष्ठभागावरून हवा नेऊन तिला वाफेनें भारावयाचें, एवढीच युक्ति होती. दोन वर्षांनीं, १८८८ च्या ऑगस्टांत, त्याची पत्नी बर्था ही नवऱ्यास न कळवितां दोन मुलांस घेऊन मानहाइमहून फोर्ट्‌सहाइमला त्याच्या गाडींतून गेली. वाटेंत तिनें औषधाच्या दुकानांतून इंधन विकत घेतलें, आणि इंधनाची नळी तुंबली तेव्हां टोपीच्या टांचणीनें ती मोकळी केली. जेट साफ करण्याचा जो विधि पुढें जगांतल्या प्रत्येक मिस्त्रीनें केला, त्याचा आरंभ एका गृहिणीच्या टांचणीनें झाला असें म्हणावयास आमची हरकत नाहीं. खऱ्या तुषारांचा कार्बुरेटर १८९३ सालीं निघाला. जर्मनींत मायबाख यानें आणि बुडापेस्टमध्यें बांकी व चोंका या दोघांनीं तो जवळजवळ एकाच वेळीं सिद्ध केला. श्रेय कोणाचें याविषयीं त्या दोन देशांत अजून चुरस आहे. आपणांस तींत पडण्याचें कारण नाहीं.

आपणांस पाहावयाचें आहे तें असें कीं, हें यंत्र सह्याद्रींत आल्यावर काय झालें. १९०८ सालीं मुंबई-कोल्हापूर अशी मोटारींची एक चाचणी झाली. अंतर ६२० मैल, आणि मार्गांत सहा घाट. तींत फ्रँक नॉर्बरी नांवाच्या इंग्रज गृहस्थाची ‘पर्ल ऑफ द ईस्ट’ नांवाची रोल्स-रॉइस गाडी उतरली होती. सहा सिलिंडरांचें आणि सुमारें सात लिटरांचें तें एंजिन त्या काळीं जगांतल्या उत्तमांत गणलें जाई. नाइलाजानें एकदांहि न थांबतां तिनें तें सारें अंतर तोडलें, आणि पुढें ती ग्वाल्हेरच्या महाराजांकडे गेली. मुंबईची सडक बोरघाट चढून पुण्यास येते, पुण्याहून कोल्हापूरकडे जाणारी सडक कात्रजचा घाट ओलांडून नसरापूर-कापूरहोळवरून खालीं येते, शिरवळपाशीं निरा उतरते आणि पुढें खंबाटकी चढूं लागते. म्हणजे भोरच्या मुलखाच्या पूर्व अंगास घासूनच तिचा मार्ग आहे.

अशा चाचण्यांच्या वृत्तांतांत मैल मोजलेले असतात, घाट मोजलेले असतात. त्यांत एक गोष्ट मोजलेली नसते, आणि आमच्या मतें तीच महत्त्वाची. त्या काळच्या उंची गाड्यांच्या सुकाणूचक्रावर किंवा समोरच्या फळीवर दोन मुठी असत. एक ठिणगी आधीं किंवा उशीरा पाडण्याची, आणि दुसरी मिश्रण दाट किंवा पातळ करण्याची. हांकणाऱ्यानें चढ लागला कीं कान एंजिनाकडे द्यावा, मूठ थोडी फिरवावी, पुन्हां ऐकावें. उन्हाची वेळ, पावसाळी हवा, बोरघाटाखालचें खोपोली आणि वरचें खंडाळा या प्रत्येकाचें मिश्रण निराळें. आणि तें त्या त्या क्षणीं ठरविण्याची जबाबदारी एका मनुष्याच्या बोटांवर. मोटार हांकणें म्हणजे तेव्हां अर्धें वादन होतें.

ही मूठ चालकाच्या हातून काढून घेणें, हाच पुढच्या तीस वर्षांतील कार्बुरेटरचा इतिहास आहे. फ्रान्समध्यें बाव्हरे नांवाच्या यंत्रज्ञानें दुसऱ्या एका जेटाची जोड देऊन वेग वाढला तरी प्रमाण टिकेल अशी योजना केली. झेनिथ कार्बुरेटर तो हाच. इंग्लंडांत स्किनर बंधूंनीं गळाच लहानमोठा होईल आणि त्याबरोबर एक निमुळती सुई जेटांत वरखालीं होईल अशी युक्ति काढली. त्यांच्या नांवाचीं आद्याक्षरें एस्. यू. म्हणून जगभर झालीं. पुढें सोलेक्स आला, आणि १९२३ पासून बोलोन्याचा वेबर, ज्याच्या दोन गळ्यांच्या कार्बुरेटरांवांचून पुढें कित्येक वर्षें शर्यतीची गाडी पुरी झाल्यासारखी वाटत नसे. आमच्याकडे अँबॅसडरवर एस्. यू. होता, फियाटवर सोलेक्स. आणि ज्या पिढीनें या दोन गाड्या पाहिल्या तिला हीं नांवें नातलगांच्या नांवांइतकीं परिचित होतीं. चालकाच्या हातीं आतां एक चोकची दांडी तेवढी उरली, आणि तीहि थंड एंजिन सुरू करण्यापुरती. मिश्रण एकदां गॅरेजांत बसवावयाचें आणि मग सर्व ठिकाणीं, सर्व ऋतूंत त्यावरच भागवावयाचें.

पण हवा सर्व ठिकाणीं एक नाहीं. येथें आपण पुन्हां भोरास येऊं. भोर संस्थान ८ मार्च १९४८ रोजीं मुंबई प्रांतांत विलीन झालें. त्याचे पांच तालुके होते: विचित्रगड, राजगड, प्रचंडगड, पवनमावळ आणि सुधागड. यांपैकीं विचित्रगड म्हणजे रोहिडा आणि प्रचंडगड म्हणजे तोरणा; वेल्हें तालुक्याचें नांव राजगड करण्याचा निर्णय २०२४ सालीं झाला तेव्हां संस्थानी नकाशावरचें एक नांव परत आलें. पांचवा जो सुधागड, तो मात्र सह्याद्रीच्या खालीं, पालीच्या बाजूस. म्हणजे पंतसचिवांच्या एकाच राज्यांत घाटावरची हवा होती आणि कोंकणांतलीहि. भोर समुद्रसपाटीपासून सुमारें ६०० मीटर उंच. तेथील हवा कोंकणच्या किनाऱ्यावरील हवेपेक्षां सुमारें सहा टक्क्यांनीं विरळ असते. तोरण्याचा माथा १४०३ मीटर. तेथें ही तूट तेरा टक्क्यांच्या आसपास जाते, जरी तेथें कार्बुरेटर नेण्याचें प्रयोजन कोणास पडूं नये.

हवा विरळ झाली कीं एंजिनाची शक्ति त्या मानानें घटते, हें सर्वांस ठाऊक आहे. घाट चढल्यावर गाडी ‘दमली’ असें आपण म्हणतों त्यांत थोडें सत्य आहे. परंतु मिश्रणाचें गणित थोडें चमत्कारिक आहे. हवा सहा टक्क्यांनीं विरळ झाली तरी पेट्रोल त्या मानानें कमी चढत नाहीं, आणि मिश्रण सुमारें तीन टक्क्यांनीं दाट होतें. उलट, भोरास नीट बसविलेली गाडी वरंधघाट उतरून महाडास गेली कीं तेंच मिश्रण तीन टक्क्यांनीं पातळ होतें. महाड जवळजवळ समुद्राच्या पातळीवर आहे. निरा-देवघरच्या पाण्याच्या कांठाकांठानें जाऊन घाटमाथ्यावरून खालीं उतरणारा तो रस्ता दोन हजार फुटांहून अधिक खालीं नेतो. चढणाऱ्या गाडीची सर्वांस काळजी. उतरणाऱ्या गाडीची कोणास नसते, कारण उतारावर एंजिनावर भार नसतो. पण वेगासाठीं काठावर बसविलेल्या एंजिनास खरा धोका चढांत नाहीं. चढांत मिश्रण दाट होतें, आणि दाटपणा एंजिनास थंड ठेवतो. धोका आहे तो घाट उतरून गेल्यावर, कोंकणांतल्या सपाट सडकेवर कोणीं त्यास पुरा दम दिला म्हणजे. तेथें हवा घन, म्हणून शक्ति अधिक. आणि मिश्रण पातळ, म्हणून उष्णताहि अधिक. १९०८ च्या चालकानें अशा वेळीं मूठ किंचित् फिरविली असती. पन्नास वर्षांनंतरच्या चालकाजवळ फिरविण्यास मूठच नव्हती.

तीन टक्के म्हणजे किती, याचा अंदाज यावा म्हणून जेटाचें माप सांगतों. सोलेक्स आणि वेबर यांच्या जेटांवर कोरलेला आंकडा छिद्राचा व्यास मिलिमीटरच्या शतांशांत सांगतो. १२० चा जेट म्हणजे १.२० मिलिमीटर. तीन टक्के पेट्रोल अधिक सुटावें म्हणून हा व्यास दीड टक्क्यानें वाढवावा लागेल, म्हणजे मिलिमीटरच्या दोन शतांशांहूनहि कमी. मनुष्याचा केंस साधारण सात शतांश जाड असतो. भोरापासून महाडापर्यंतचा सबंध सह्याद्रि कार्बुरेटरच्या हिशेबीं केंसाच्या चौथ्या हिश्शांत मावतो.

याच्यावर पावसाळा आहे. श्रावणांत घाटमाथ्यावर धुकें उतरतें तेव्हां हवेंतली वाफ हवेचीच जागा अडविते. पंचवीस अंशांच्या दमट हवेंत ती तीन टक्क्यांपर्यंत जाते, आणि तेवढा प्राणवायु कमी मिळतो. पेट्रोल उडतांना उष्णता शोषून घेतें, म्हणून धांवत्या गाडीच्या कार्बुरेटरचा गळा बाहेरून दंवानें भिजलेला दिसतो. कित्येक अंशांनीं तो भोवतालच्या हवेहून थंड असतो. वैशाखांत याच्या उलट. कात्रज किंवा खंबाटकी चढून आलेल्या गाडीचें पेट्रोल नळींतच उकळूं लागे आणि वाफेचा बुडबुडा पंपास चकवी. तेव्हां फियाटचा किंवा अँबॅसडरचा चालक बॉनेट उघडून पंपावर ओलें फडकें टाकी आणि झाडाच्या सांवलींत पंधरा मिनिटें बसे. या फडक्याची शिफारस कोणत्याहि कंपनीच्या पुस्तकांत आमच्या पाहण्यांत नाहीं. काम मात्र तें चोख करी.

तेव्हां चालकाच्या हातून गेलेली विद्या कोठें गेली? ती मिस्त्रीकडे गेली. आणि तिचें वर्णन करणें हाच या लेखाचा मुख्य हेतु असल्यामुळें तेथें थोडें थांबतों. चांगला मिस्त्री कार्बुरेटरला प्रथम हात लावीत नाहीं. आधीं टॅपेट, मग पॉइंट, मग प्लग, आणि हें सर्व जागेवर असेल तर सर्वांत शेवटीं कार्बुरेटर; कारण ज्यास गाडींतला प्रत्येक दोष कार्बुरेटरांत दिसतो तो मिस्त्री नवशिका समजावा. एंजिन पुरतें तापूं द्यावें. मग हवेचा स्क्रू हळूहळू फिरवीत न्यावा. एका बाजूस एंजिन अडखळूं लागतें, दुसऱ्या बाजूस तें जड होऊन लंगडतें; या दोहोंच्या मधली जागा कानानें धरावी. एस्. यू. असेल तर त्याच्या पोटांतला पिस्टन बोटाच्या नखाएवढाहि नव्हे, इंचाच्या बत्तिसाव्या भागाएवढा उचलून पाहावा: गति वाढून वाढलेलीच राहिली तर मिश्रण दाट, एंजिन बंद पडलें तर पातळ, आणि क्षणभर किंचित् वाढून पूर्ववत् झाली तर बरोबर. जोडीचे कार्बुरेटर असतील तर रबराच्या नळीचें एक टोंक कानाशीं आणि दुसरें एकेका तोंडाशीं धरून दोन्हींचा फूत्कार सारखा करावा. वैद्य छातीवर नळी लावतो त्याच तन्मयतेनें. हें झालें मंदगतीचें. पुऱ्या वेगाच्या जेटाची परीक्षा उभ्या गाडीवर होत नाहीं, तीस चढ लागतो. गाडी पुऱ्या दमानें चढवावयाची, अर्ध्यावर एकदम एंजिन बंद करून बाजूस घ्यावयाची आणि प्लग काढून पाहावयाचा. काजळी काळी असेल तर दाट, पांढुरका असेल तर पातळ, भाजलेल्या विटेसारखा तपकिरी असेल तर बरोबर. कात्रजचा जुना घाट, वेल्ह्याकडचा पाबेघाट किंवा वरंध्याची चढण या अर्थानें प्रयोगशाळाच होत. युरोपांतल्या कारखान्यांनीं ज्यासाठीं बंद खोलींत लाखो रुपयांचीं यंत्रें बसविलीं, तें काम येथें डोंगरानें फुकट केलें.

या विद्येस आमच्या मराठी वाङ्मयांत जागा किती मिळाली? फार थोडी. ‘किर्लोस्कर खबर’ हें मासिक १९२० सालीं लोखंडी नांगरांच्या कारखान्यांतून निघालें आणि पाहतां पाहतां ललित वाङ्मयाचें पान झालें. कारखान्यांतून वाङ्मयाकडे जाणारी वाट आपणांस सांपडली, वाङ्मयांतून कारखान्याकडे येणारी मात्र फारशी कोणीं चोखाळली नाहीं. सुशिक्षित मनुष्य मिस्त्रीस पैसे देतो, घाई करतो, ‘अॅव्हरेज काय देते’ एवढें विचारतो, आणि त्यानें काय केलें तें विचारीत नाहीं. आमच्या किल्ल्यांचे पाथरवट जसे निनांवी राहिले तसेच हेहि. फरक इतकाच कीं पाथरवटाचें काम उभें राहतें. मिस्त्रीचें काम पुढच्या सर्व्हिसिंगपर्यंतच टिकतें.

इंग्लंडांतहि ही विद्या कधीं कधीं युद्धाच्या निर्णयापर्यंत पोंचली, हें येथें जातां जातां सांगण्यासारखें आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभीं ब्रिटिशांच्या लढाऊ विमानांतील मर्लिन एंजिन, विमान एकदम नाक खालीं करून झेपावलें कीं बंद पडे. कारण त्यावर कार्बुरेटर होता आणि त्याच्या वाटींतलें पेट्रोल भलतीकडे उसळे. जर्मन विमानांत पेट्रोल पिचकारीनें थेट सिलिंडरांत सोडलें जाई, त्यामुळें त्यांस ही अडचण नव्हती. बिअॅट्रिस शिलिंग या इंजिनिअर बाईनें नळींत बसविण्याचा छिद्र पाडलेला एक लहानसा धातूचा तुकडा योजिला आणि १९४१ च्या आरंभींच्या महिन्यांत तो विमानांवर बसूं लागला. ही बाई ब्रुकलंड्सच्या शर्यतींत ताशीं शंभर मैलांहून अधिक वेगानें फटफटी हांकीत असे. बर्था बेंझच्या टांचणीशेजारीं हा तुकडाहि ठेवावा.

त्याच युद्धानें आपल्याकडील पेट्रोल शिधावाटपाखालीं आणलें आणि सर्व्हिस मोटारींच्या पाठीस कोळशाच्या भट्ट्या लागल्या. अपुऱ्या हवेंत जळणाऱ्या कोळशाचा वायु गाळून एंजिनांत न्यावयाचा, अशी ती व्यवस्था. शक्ति पेट्रोलच्या निम्म्यावर किंवा फार तर दोन तृतीयांशावर येई, आणि घाट चढतांना उतारू खालीं उतरून चालत. कार्बुरेटरास या वर्षांत सक्तीची विश्रांति मिळाली, आणि त्याची किंमतहि तेव्हांच कळली. १ जून १९४८ रोजीं पुणें-अहमदनगर मार्गावर एस्. टी.ची पहिली गाडी धांवली. पुढें डिझेल आलें, आणि मोठ्या गाड्यांतून कार्बुरेटर कायमचा गेला. तो उरला मोटारींत, आणि त्याहून कितीतरी अधिक पुण्याच्या स्कूटरींत व फटफटींत.

त्याचा अस्त कायद्यानें झाला. १९८९ च्या केंद्रीय मोटार नियमांनीं मंदगतीवर सोडल्या जाणाऱ्या धुरांतील विषारी कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ठरविली: चारचाकीस ३ टक्के, दुचाकीस ४.५ टक्के. जें मिश्रण आजवर कानानें ठरे त्यावर आतां कांट्याची साक्ष आली. आम्हांस यांत कांहीं वावगें वाटत नाहीं. ज्या शहरांत लाखो गाड्या आहेत तेथें प्रत्येकाच्या कानावर सर्वांचीं फुप्फुसें सोंपवितां येत नाहींत. १९५४ च्या मर्सिडीझपासून शर्यतीच्या गाड्यांत आलेली पिचकारीची पद्धति २००० च्या सुमारास आमच्या साध्या मोटारींतहि आली, आणि १ एप्रिल २०२० पासून भारत-सहा ही मर्यादा लागू होतांच नव्या दुचाकींवरूनहि कार्बुरेटर नाहींसा झाला. आतां एंजिनाच्या श्वासनळींत बोटाच्या पेराएवढें एक दाबमापक बसलेलें असतें. तें वरंधघाटांतल्या प्रत्येक वळणाची हवा मोजून सेकंदांत अनेक वेळां पेट्रोल कमीजास्त करतें. १९०८ ची मूठ अशी परत आली, पण ती आतां कोणाच्याच हातांत नाहीं. चालकाच्याहि नाहीं आणि मिस्त्रीच्याहि नाहीं. गाडी उत्तम चालते, हें कबूल केलेंच पाहिजे.

तथापि जुन्या गाड्या अजून रस्त्यावर आहेत. भोर-वेल्ह्याच्या वाड्यावस्त्यांतून दूध आणणाऱ्या, भाजी नेणाऱ्या कित्येक दुचाकी कार्बुरेटरवाल्याच आहेत. आणि त्यांच्यापुढें अलीकडे नवीनच प्रश्न उभा राहिला आहे. २०२५ पर्यंत देशांतील बहुतेक पंपांवर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलें पेट्रोल आलें. इथेनॉल जळण्यास हवा कमी लागते, एका भागास नऊच भाग. त्यामुळें या नव्या मिश्र इंधनास १४.७ च्या जागीं सुमारें साडेतेरा भाग हवा पुरे होते. नवी गाडी आपलें आपण जमवून घेते. जुन्या कार्बुरेटरास हें कळत नाहीं. तो पूर्वींइतकेंच इंधन सोडतो, आणि मिश्रण आठ टक्क्यांनीं पातळ पडतें. सबंध सह्याद्रि उतरल्यानें जो फरक पडतो त्याच्या अडीचपट फरक जागच्या जागीं उभ्या गाडींत पडला. अशी गाडी भोराहून महाडास नेली तर शक्तीसाठीं तेरावर बसविलेलें मिश्रण साडेचौदाच्या परिणामास येतें. इथेनॉलच्या अंगचा थंडावा थोडें सांवरून घेतो, सगळें नाहीं.

हें इथेनॉल येतें कोठून? कांहीं धान्यांतून, आणि कांहीं उसांतून. भोराजवळ भाटघरास जुन्या धरणाच्या खालीं बांधलेलें मोठें लॉइड धरण १९२८ सालीं पुरें झालें. त्याखालीं जमिनी गेल्या त्या भोरच्या. निरेच्या कालव्यांनीं पाणी गेलें तें बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरसकडे, आणि त्या पाण्यावर ऊस उभा राहिला. आतां त्या उसाचा अर्क पेट्रोलांत मिसळून टँकरनें पुणें-बंगळूर सडकेवरून येतो आणि कापूरहोळास वळून भोरच्या पंपावर उतरतो. जुन्या गाडीचा धनी मिस्त्रीकडे जाऊन तक्रार करतो कीं गाडी पहिल्यासारखी उचलत नाहीं, चढाला ठोके देते. मिस्त्री प्लग काढून उजेडाकडे धरतो. तो पांढुरका असतो. मग तो फळीवरचा पत्र्याचा डबा खालीं घेतो आणि त्यांतल्या पितळी जेटांत १२० च्या जागीं बसणारा १२५ चा शोधूं लागतो.